विमानापुढचा नारळ

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही बारामतीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे तिथल्या धावपट्टीवर कामाला होते. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उडण्याआधी त्यांच्याभोवती फिरून सगळं तपासायचं, चाकांना लावलेले लाकडी ठोकळे काढायचे आणि मुख्य म्हणजे नाकावरच्या पंख्यापुढे कुणाला येऊ द्यायचं नाही, हे यांचं काम. जेवतानाही तेच सांगत. बंद पंख्यावर विश्वास ठेवायचा नाही, म्हणत. नुसता हाताने फिरला तरी कधी इंजिन पेटतं. मी पुस्तकातून डोकं वर न काढता "हं" म्हणायची.

गावी, कळसला, ही नोकरी कुणाला पटली नव्हती. माझे सासरे, तात्या, गावात कुणी विचारलं की सांगत, "ठोकळं लावतोय इमानाला." शिकलेला एकुलता मुलगा परत येऊन ऊस बघेल, ही त्यांची आशा. यांना मात्र एकच हवं होतं. हेही काम आहे, असं तात्यांनी एकदा म्हणावं. तसं कधी बोलले नाहीत, पण मला ठाऊक होतं.

एका दसऱ्याला तात्या आले. त्या दिवशी विमानांची पूजा असे आणि घरच्यांना आत सोडत. पूजेचं ताट माझ्या हातात होतं. तात्यांनी त्यातला नारळ उचलला आणि नव्या ट्रॅक्टरपुढे जावं तसे थेट विमानाच्या नाकापुढे गेले. मी काही म्हणेपर्यंत नारळ डांबरावर फुटलाही.

"तात्या, मागं व्हा!" हे ओरडले. बापावर आवाज चढवलेला मी तेव्हाच ऐकला.

"आरं, बंद हाय की पंखा!"

"बंद असला तरी न्हाय. शेपटीकडनं या."

"चार लोकांत बापाला शिकवतोस व्हय रं?"

यांनी दंड धरून तात्यांना बाजूला आणलं, आणि नव्या पँटीनिशी गुडघ्यांवर बसून करवंटीचे तुकडे वेचू लागले. फिरता पंखा खालचा खडाही ओढून घेतो. विमानात एक शिकाऊ मुलगी खोळंबून बसली होती, तरी यांनी घाई केली नाही. तुकडे संपल्यावरही तळहाताने डांबर चाचपत राहिले. मग उठले, चारी बाजूंना पाहिलं आणि तिला अंगठा दाखवला. विमान उसाच्या फडांवरून पार दिसेनासं झालं, तरी तात्या तिकडेच बघत होते.

 संध्याकाळी यांना काम होतं, म्हणून तात्यांना स्टँडवर सोडायला मीच गेले. इंदापूरची एसटी लागली. पायरीवर पाय ठेवून ते थांबले.

"त्या पोरीचा जीव ह्याच्या हातात हुता गं. मला वाटलं, नुसतं ठोकळं. राहू दे त्याला हितंच." आणि लगेच दटावलं, "त्याला सांगू नगंस. लई चढंल."

मी सांगितलं नाही. मोठ्यांचा शब्द, आणि वाटलं, कधीतरी स्वतःच सांगतील. दोन वर्षांनी तात्या गेले. मग इतके दिवस का लपवलंस, असं हे विचारतील, याचाच संकोच वाटू लागला. यंदा हेही गेले. शेवटच्या आजारात दवाखान्यात मी यांच्या उशाशी बसून असायची. यांना ऐकू येत होतं, समजत होतं. अशा कितीतरी दुपारी मिळाल्या होत्या मला ते सांगायला.