वडिलांच्या नावाची नोटीस

वडील पौषात गेले आणि चैत्रात त्यांच्या नावानं आयकर कार्यालयाची नोटीस आली. विवरणपत्र भरा, एवढंच तिच्यात होतं. मी तेव्हा कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होतो. आई माझ्याजवळ कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायला आली होती. वडिलांनी आयुष्यभर कारकुनी केली, जोडीला पारशिवनीकडे थोडी शेती. त्यांना कर लागतो की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. नोटीस पंधरा दिवस टेबलावर पडून राहिली.

शेवटी शहरात धंतोलीतल्या एका वकिलांकडे गेलो. वडील ज्या दवाखान्यात वारले, तो वकिलांच्या खिडकीतून दिसत होता. मी खिडकीकडे पाठ करून बसलो. वकिलांनी पेन्शनचे कागद चाळले.

"शेतीचं बाजूला ठेवा. उरलेलं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे. एरवी विवरणपत्राची गरजच नव्हती. पण नोटीस आली की उत्तर द्यावंच लागतं. ते नाहीत, तर वारस म्हणून तुम्ही द्या."

मृत्यूचा दाखला घेऊन मी कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं फाइल काढली आणि म्हणाला, "याचं उत्तर तं येऊन गेलं, भाऊ. मागच्या हप्त्यात, पोस्टानं."

त्यानं कागद पुढे सरकवला. अक्षर वडिलांचं होतं. बारीक, उजवीकडे कललेलं, शब्द संपला की शिरोरेघ थोडी पुढे गेलेली. 'माझे उत्पन्न मर्यादेच्या आत असून शेतीचे त्यात धरता येत नाही. सबब विवरणपत्र भरणे मला लागू नाही.' खाली त्यांची सही, आणि चालू महिन्यातली तारीख.

हातातला मृत्यूचा दाखला मी घडी करून खिशात घातला. तसाच बाहेर पडलो.

घरी आलो तेव्हा आई अंगणातल्या तुळशीच्या पानांवरची राख पुसत होती. विजेच्या कारखान्याची राख रोजच पडायची.

"आई, त्या नोटिशीचं उत्तर कोनं लिहिलं वं?"

"मीनंच. तू तं हातही लावून नाही राहिला तिले. त्यायनं सांगतलं, मी लिहिलं. शेजारणीजवळ दिलं पेटीत टाकाले."

"कोनं सांगतलं?"

"काहून असा पाहून राहिला? तुह्या बाबानं. दुपारी."

आई दुसरीपर्यंत शिकलेली. मी तिच्यापुढे पेन आणि कागद ठेवला. तिनं स्वतःचं नाव लिहिलं, नेहमीसारखंच, वाकडंतिकडं, दाबून. कागद फाटला.

"आता त्यायचं अक्षर काढून दाखव."

तिनं पेन खाली ठेवलं. "आता कसं येईन? ते बोलून राहिले अस्ते तं आलं अस्तं."

दुसऱ्या दिवशी मी दाखला आणि माझं उत्तर कार्यालयात देऊन आलो. आधीच्या कागदाबद्दल साहेबांनी विचारलं, तेव्हा घरातल्या कोणीतरी लिहिला असेल, म्हणालो. ते खोटं नव्हतं. महिन्याभरात प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं. ते मात्र माझ्या नावानं होतं.

आई पुढे बरीच वर्षं जगली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही. फक्त दुपारी घरी असलो की तिच्या खोलीत शिरण्याआधी मी दाराशी थांबून खोकायचो, मोठं माणूस आत बसलेलं असलं की खोकतात तसा.