बिनजोडाचा खण

माझं माप घेतलं की शिंपी टेपकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मान हलवतो. यशवंतपुरात ओळीनं तीन दुकानांत हेच झालं. आईनं ओटीत घातलेला जांभळा खण होता तो. "साकागल्ला, अम्मा," म्हणजे कानडीत पुरणार नाही, काखेत दुसरं कापड जोडू, असा तिघांचाही तोडगा. तिसऱ्याच्या हातून मी खण हिसकावूनच घेतला. भाच्याच्या साखरपुड्याला आई येणार होती, आणि तिच्यासमोर मला त्याचा ब्लाउज बिनजोडाचाच घालायचा होता.

खालच्या मजल्यावरच्या कानडी अक्का शिवणकाम शिकवतात. त्यांनी माझ्या मापाचं पेपर कटिंग करून दिलं, आणि पाठ, पुढचे भाग, बाही असे कागद घेऊन मी खणासमोर बसले. रीतीप्रमाणे घडी घालून मांडले, तर बाही बाहेर. फिरवून मांडले, तर पाठ बाहेर. चौथ्या वेळी मला शिंप्यांपेक्षा स्वतःचाच राग आला. दोन घास कमी खाल्ले असते तर, वगैरे नेहमीचं सुरू झालं.

मग वाटलं, घडी हवीच कशाला? खण सगळा उघडून फरशीवर पसरला आणि एकेक भाग सुटा आखायला घेतला. मुंढ्याच्या, म्हणजे काखेकडच्या, खोलगट जागेत बाहीचं टोक अलगद सरकलं. दुसरी बाही गळ्याच्या बाजूला मावली. मी खडू टेकवणार, तेवढ्यात अक्का दारातून ओरडल्या, "स्वल्प थांबा! तो कागद उलटा करा, नाहीतर दोन्ही बाह्या डाव्या होतील!"

कागद उलटा केला. तरीही मावला.

कात्री उचलली. एकदा कापलं की संपलं. पण पहिली कापणी सरळ गेली आणि मग मी थांबलेच नाही. शेवटी खाली उरल्या त्या बोटभर चिंध्या. अक्कांनी सगळे भाग जुळवून पाहिले आणि म्हणाल्या, "सरी आहे, बरोबर बसतंय."

मी तिथेच बसून आईला फोन लावला.

"पुरला काय गं खण?" तिनं जपूनच विचारलं.

आजवर माझ्या मापाचा आकडा मी शिंप्याच्याही कानात सांगायचे. त्या दिवशी खिडक्या सताड उघड्या होत्या आणि मी ओरडून सांगितलं, "चव्वेचाळीस छाती आहे माझी, आई, आणि एका खणात बसली!"