नेस्टाने पुसलेली भिंत

नेस्टाला स्वच्छतेचं भारी वेड. आमच्या वेल्समधल्या या चढाच्या गल्लीत तिच्या दाराची पायरी रोज घासली जाते, मग बाहेर गारा पडोत नाहीतर काही होवो. चाळीस वर्षं मी तिच्या शेजारी राहते, आणि माझी पायरी बघून तिने नाक मुरडलं नाही असा दिवस गेला नाही.

सात वर्षांपूर्वी सरकारी योजनेतली माणसं आली. बाहेरच्या दुहेरी भिंतीला भोकं पाडली, मधल्या पोकळीत कापसासारखं काहीतरी भरलं, "आता घर उबदार राहील" म्हणाली आणि गेली. फुकट ते पौष्टिक, आम्हीही काही विचारलं नाही. पण इथला पाऊस आडवा मारतो. तो कापूस एकदा भिजला तो भिजलाच. नेस्टाची मागची खोली बुरशीने काळी पडली. आणि तिथेच झोपायचा तिचा नवरा इडवल. जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, छातीचा पार भाता झालेला, जिना चढवत नव्हता. डॉक्टरने निक्षून सांगितलं होतं, या बुरशीत आणखी एक हिवाळा नको.

मग सरकारनेच नवी योजना काढली. बिघडलेला कापूस काढून भिंत नीट करून देणार, फक्त आधी माणूस येऊन पाहणार.

"सुटलीस गं बाई!" मी म्हटलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी गेले, तर घरभर ब्लीचचा वास. भिंत पांढरीशुभ्र! दोन दिवस खपून बाईने बुरशी घासली होती, वर रंगाचा हात मारला होता.

"अगं, हे काय करून बसलीस?"

"लोक येणार, त्यांना घाण दाखवू? माझी आई थडग्यातून उठून येईल!"

"तो घाणच बघायला येतोय ना!"

"तू नको शिकवूस. आधी तुझी पायरी बघ."

साहेब आला. नेस्टाने तव्यावर भाजलेले मनुकांचे केक त्याने तीन खाल्ले. पिशवीतलं ओल मोजायचं यंत्र बाहेरसुद्धा काढलं नाही मेल्याने. "घर छान ठेवलंय, खिडक्या उघडत जा," म्हणाला. आत इडवल खोकत होता. महिन्याने पत्र आलं: ओल आढळली नाही.

फेरतपासणीचा अर्ज मी भरला. आणि नेस्टाला दम दिला, "आता भिंतीला हात लावलास तर याद राख." तिने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं. भिंत पुन्हा काळी होत गेली आणि ती फडकं मांडीवर घेऊन इडवलच्या उशाशी बसून राहिली. पुढच्या खोलीत त्याची खाट मावत नव्हती. नाताळच्या आधी इडवल गेला.

जानेवारीत फेरतपासणीला एक बाई आली. चांगली होती. यंत्र लावलं, फोटो काढले. "लगेच मंजूर होईल," म्हणाली. "या खोलीत कोण झोपतं?"

"कोणी नाही," नेस्टा म्हणाली.

बाई गेल्यावर नेस्टाने माझ्याकडे पाहिलं.

"आता पुसू का गं?"

मी बादली भरायला गेले.