कोच सर, तुम्ही त्याला अडवलं का नाही?

माझ्या ज्युनिअरला नोकरी लागली त्याच आठवड्यात आमच्या युनिव्हर्सिटीच्या हॉकी टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू टीम सोडून गेला, आणि मी दोघांचा राग एकावरच काढला. खेळाडूवर. ज्युनिअरवर काढायची सोयच नव्हती. ती माझ्याच अपार्टमेंटमध्ये राहत होती, मला ताई म्हणत होती, आणि शिकागोहून येणाऱ्या कुणाला तरी सांगून डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून मागवलेली काजूकतली तिने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात कोंबली होती. तोंडात काजूकतली असताना माणूस काय डोंबल बोलणार!

हॉकी म्हणजे बर्फावरची. नागपूरला आईला मी दहादा सांगितलं, तरी तिच्या डोळ्यांसमोर मैदानच येतं. आमचं गाव उत्तरेकडचं, कॉलेजमुळे वसलेलं, आणि हिवाळ्यात तिथे दुसरं काही नाही. शनिवारी संध्याकाळी सगळं गाव रिंकमध्ये. पोरं अठरा-एकोणीसची येतात. डिग्री चार वर्षांची असते, पण जो बरा खेळतो त्याला वर्षा-दोन वर्षांत प्रो टीमचं बोलावणं येतं, की हा निघाला बॅग भरून. मग दर वसंतात गावात तेच भांडण. चूक कोणाची? पोरं कृतघ्न, की कोच बावळट? असली उडून जाणारी पाखरं कोच आणतोच कशाला? आणि नाही आणली तर जिंकणार कशाच्या जोरावर?

मला या भांडणाची चटक लागली ती सरांमुळे. सर म्हणजे माझे पीएचडीचे गाइड, पक्के अमेरिकन. लॅबमधले बाकीचे अमेरिकन त्यांना खुशाल पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळली नाही. सरांकडे सीझनची तिकिटं असायची आणि ते लॅबमधल्यांना आळीपाळीने पाठवायचे. बाकीच्यांना घरदार, गर्लफ्रेंड, स्कीइंग. म्हणून मी आणि ज्युनिअर, आम्ही दोघीच जायचो. पार्काच्या, म्हणजे जाड कोटाच्या, एका खिशात चिवडा, दुसऱ्यात चहाचा थर्मास. शेजारच्या सीटवर एक रिटायर्ड शाळामास्तरीण बसायची, हातात विणकाम. आमचा चिवडा ती आवडीने खायची आणि तोंड भरलेलं असतानाच कोचला शिव्या घालायची.

"हा कोच नाही, बस स्टॉप आहे," ती म्हणायची. "सगळे इथे फक्त पुढच्या गाडीची वाट बघत उभे."

ज्युनिअर हसायची. ती पुण्याची. दोन वर्षांपूर्वी मी तिला एअरपोर्टवरून घेऊन आले होते. बूट कुठले घ्यायचे, उणे तापमानात गाडी कशी सुरू करायची, कुकरशिवाय वरण कसं करायचं, सगळं मी शिकवलं. लॅबमध्ये आम्ही बॅटरीत घालायच्या पदार्थांवर काम करायचो. हवाबंद काचेच्या पेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालून, श्वास रोखून नमुने बनवायचे. तेही मीच शिकवलं. आणि बाई गं, तिचा पहिलाच नमुना टिकला! माझे तडकायचे. सहावं वर्ष चालू होतं माझं, आणि पेटीसमोर बसले की मला आधीच कळायचं, हाही तडकणार. पलीकडून तिचा आवाज यायचा, "ताई, झाला बघ!" मी म्हणायचे, "अरे वा, मस्त यार." आणि पोटात असं दुखायचं की विचारू नका.

तर ही दोन वर्षांत पीएचडी सोडून, मास्टर्सची डिग्री घेऊन, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला एका कंपनीत चालली. अर्ध्यातून. तिने मला तिकडच्या अपार्टमेंटचे फोटो दाखवले. स्विमिंग पूल, पूलच्या कडेला ताडाची झाडं. बाहेर आमच्याकडे मार्चचा बर्फ कमरेइतका. माझा नुसता जळफळाट झाला. मला ती नोकरी हवी होती. ते ऊन हवं होतं. "मुलीचं शिक्षण संपलं का?" असं आईला कॉलनीत कुणी विचारलं की तिला बोलायला काहीतरी हवं होतं. यापलीकडे मला काही नको होतं. बाहेर पडायचं होतं, बस्स. आणि माझ्याआधी ती पडत होती.

तो खेळाडू गेल्याची बातमी आली तेव्हा मी हॉकी फॅन्सच्या ऑनलाइन फोरमवर गेले. तिथे टोपणनावाने मी आधीही अधूनमधून लिहायचे. त्या दिवशी मात्र लिहीतच सुटले. लिहिलं, की तू आलास तेव्हा तुला काय येत होतं? तुझ्या आधी आलेले, ज्यांना कधी कुणी बोलावलं नाही, ते प्रॅक्टिसनंतर थांबून तुला शिकवत होते ना? मग आता त्यांच्याकडे वळून तरी बघितलंस का? स्वतःच्या हातगुणाचा एवढा गर्व बरा नव्हे. (हातगुणाला इंग्रजी शब्द सुचला नाही, तो तसाच ठेवला.) आणि शेवटी कोचला जाब विचारला: कोच सर, तुम्ही त्याला अडवलं का नाही? जे थांबलेत त्यांचा कधी विचार केलात का?

पोस्ट करून मोकळी झाले. इतकं हलकं वाटलं की मी उरलेली काजूकतली संपवली.

खाली उत्तरं आली ती अशी. एकाने लिहिलं, "मित्रा, याने तुझ्याशी ब्रेकअप केलं का?" दुसऱ्याने लिहिलं, "याला कुणीतरी मिठी मारा." तिसऱ्याने विचारलं, "हातगुण म्हणजे काय? ही कुठली आकडेवारी?" मी रागाने लॅपटॉप बंद केला. या लोकांना काही भावनाच नाहीत, असं मला मनापासून वाटलं.

पुढच्या शनिवारी सीझनची घरची शेवटची मॅच होती. ज्युनिअर पॅकिंगला थांबली आणि तिच्या जागी सर स्वतः आले. पहिला भाग संपला, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी रिंकवर गोल गोल फिरायला लागली. मास्तरीणबाई कॉफी आणायला उठल्या. सरांनी माझ्या पुडीतून चिमूटभर चिवडा घेतला आणि समोर बघतच म्हणाले, "फोरमवरची एक पोस्ट वाचली मी. मोठी होती."

मी म्हटलं, "अच्छा?"

"या गावात सगळे त्याला कोच म्हणतात. किंवा त्याहून वाईट काहीतरी. कोच सर म्हणणारी एकच व्यक्ती असू शकते."

तोंडात मारल्यासारखं झालं. शिव्या घालतानासुद्धा मला सर लावल्याशिवाय राहवलं नव्हतं! टोपणनाव घेऊन काय उपयोग. मी खाली बुटांकडे बघत बसले. कान तापले होते.

सर हसत नव्हते. म्हणाले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. कोचचं मला माहीत नाही, माझं देतो. मी तिला अडवलं नाही, कारण तिला जायचं होतं. तिने तसं सांगितलं. मी दोन फोन केले."

आता माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सर, आदर, सगळं गेलं उडत. मी म्हणाले, "आणि माझ्यासाठी? माझ्यासाठी एक फोन तरी केलात कधी?"

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, सोंग नव्हतं ते. म्हणाले, "तुझ्यासाठी तर मी आधी विचारलं होतं. तू तिसऱ्या वर्षाला होतीस. हीच कंपनी. त्यांना एक माणूस हवा होता. मी तुला ऑफिसमध्ये बोलावून विचारलं, नाव पाठवू का? आठवतं?"

आठवलं. लख्ख आठवलं. ऑफिसातली खुर्ची, खिडकीतलं कॅक्टस, आणि आनंदाने टाळी वाजेल म्हणून मी हात मांडीखाली दाबून बसले होते, तेसुद्धा आठवलं.

"तू म्हणालीस, सर, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

"हो मग!" मी जवळजवळ ओरडलेच. "म्हणजे हो!"

"हो?"

"हो म्हणजे हो! मोठ्या माणसाला आणखी काय म्हणणार? पाठवा पाठवा, असं म्हणायचं तोंड वर करून?"

सर हळूच म्हणाले, "मला वाटलं तुला नकोय आणि नाही म्हणायला तू संकोचतेयस. कुणाला लॅबमधून ढकललं असं व्हायला नको, म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही. त्यानंतर तू इतकं मन लावून काम करत होतीस. मला वाटलं तू इथे खूश आहेस."

खूश! कपाळाला हात लावायचा राहिला होता. मी मनात त्या उत्तराला किती मार्क दिले होते. नम्र, घरचं वळण दाखवणारं, आई ऐकती तर तिलाही बरं वाटलं असतं. मग महिनाभर रोज ईमेल बघत होते, आणि काही आलं नाही तेव्हा ठरवून टाकलं, की सरांना मी लायक वाटले नाही. तेच मनात धरून पुढची वर्षं त्या पेटीसमोर काढली.

मास्तरीणबाई कॉफी घेऊन परतल्या. मॅच सुरू झाली. कोण जिंकलं ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आले तर हॉलभर खोके, आणि मधोमध ज्युनिअर चिकटपट्टीचं टोक शोधत बसलेली. मी कोट न काढताच विचारलं, "तू सरांना नेमकं काय सांगितलंस गं?"

"कधी?"

"जायचं होतं तेव्हा."

"काही नाही. म्हटलं, मला जायचंय."

"आणि?"

"ते म्हणाले, ओके. कुठे जायचंय?" तिने मान वर केली. "का गं ताई? काय झालं?"

मला तिचा जेवढा हेवा तेव्हा वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. तिच्या नमुन्यांचा नाही, ताडाच्या झाडांचा नाही. ती बाई एका दुपारी उठली, गेली, हवं ते बोलली आणि घरी येऊन वरणभात जेवली. तिच्या जिवाची काही घालमेल झाली नव्हती. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिला शिकवावं लागलं नव्हतं. मी तिच्या हातातली चिकटपट्टी घेतली, नखाने टोक काढून दिलं आणि आत जाऊन दार लावून रडले. ती दाराबाहेर "ताई, चहा ठेवू?" म्हणत उभी होती. मी म्हटलं, "ठेव." इतकी चांगली होती कार्टी, त्याचाही राग आला.

सोमवारी सकाळी मी सरांच्या ऑफिसात गेले. दार उघडंच होतं. वाटेत चार वाक्यं तयार केली होती. सरांची तब्येत, मॅच, नवीन नमुने, आणि मग हळूच मूळ मुद्दा. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"सर, मला जायचंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडलं. थीसिसचे किती चॅप्टर झाले विचारलं. मी सांगितलं. तडकलेल्या नमुन्यांचाही एक चॅप्टर होईल म्हणाले, का तडकतात हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मग डिफेन्ससाठी, म्हणजे थीसिसच्या शेवटच्या तोंडी परीक्षेसाठी, बोटाने तारखांवरून खाली खाली सरकत गेले.

"डिफेन्स ऑगस्टमध्ये ठेवू या. चालेल ना?"

चालेल, सर, तुम्ही म्हणाल तसं. सगळं वाक्य दातांपर्यंत आलं होतं. मानसुद्धा हलायला लागली होती.

"नाही," मी म्हणाले. "मे."