बघा हो, काशिनाथ जेवायलाय

सरकारी वकिलाने काशिनाथला फसवलं आणि मलाही फसवलं. त्याला फाशीच्या दारात नेऊन उभं केलं, आणि तो निर्दोष आहे हे सांगणारा माझा जबाब कोर्टापुढे जाऊच दिला नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणी हसता येईल. काशिनाथबद्दल न हसता लिहिणं मला जमणार नाही.

काशिनाथ हुमनाबादच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझ्या आडतीवर हमाल होता. जेलातून सुटून आल्यावर त्याला एक खोड लागली. कुठेही जेवायला बसला, की पहिला घास हातात धरून खणखणीत आवाजात ओरडायचा, "बघा हो, काशिनाथ जेवायलाय!" मग एकेकाला नावाने गाठायचा. "मल्लूअण्णा, बघितलास का? नीट बघ. तोंड इकडं कर. उद्या कुणी इचारलं तर सांगाय पायजे." लग्नाच्या पंगतीत तर तो वाढप्यांना, नवरदेवाला, एकदा भटजींनाही साक्षीला उभं करून मग जेवला. भटजी मंगलाष्टकं सोडून म्हणाले, "बघितलं रे बाबा, जेव आता!"

नवख्या माणसाला हे वेड वाटायचं. ते वेड नव्हतं.

आमच्या भागात येळवस असते. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खं गाव शेतात जातं. कडब्याची कोपी करायची, पूजा करायची, पिकाभोवती आंबिल शिंपडत फिरायचं आणि मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर खाऊन तिथेच लोळायचं. वाटेने जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून जेवू घालायचं. काशिनाथला स्वतःची जमीन नव्हती. त्यामुळे येळवसला तालुक्यातला सगळ्यात मोठा जमीनदार तोच. सकाळी एका बांधावरून सुरुवात करायचा, ती दिवस मावळेपर्यंत. "अप्पा, ज्याला एकच शेत हाय त्यो एकदाच जेवतोय बिचारा," असं मला तोंडावर म्हणायचा.

त्या वर्षी येळवसच्या भर दुपारी गावात किराणा दुकानातल्या म्हातारीचा खून झाला. पाय दुखतात म्हणून ती एकटी घरी राहिली होती. शेजाऱ्याने सांगितलं, काशिनाथला त्या वेळी गल्लीतून पळताना आपण पाहिलं. झालं, उचललं काशिनाथला.

मी तसाच ठाण्यात गेलो. म्हणालो, दुपारी हा माणूस माझ्या कोपीत होता, माझ्या बायकोशी भज्जीवरून भांडत होता. जबाब दिला, सही केली. मग सरकारी वकिलांना भेटलो. ते म्हणाले, "तुम्ही सरकारचे साक्षीदार. आरोपीच्या वकिलाशी एक अक्षर बोलायचं नाही. नाव पुकारलं की आत या." बाकीच्या शेतवाल्यांनाही हेच बजावलं. मी मोंढ्यातला माणूस. पाठीवर पोती वाहून वर आलो. आमच्यात तोंडच्या शब्दावर तुरीच्या गाड्या उतरतात. शब्द दिला म्हणजे दिला. मी कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. नाव पुकारलं गेलं ते निकालाच्या दिवशी. माझं नव्हे, काशिनाथचं. फाशी!

कोर्टाच्या आवारात मी काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. शिपायांनी मला धरून फाटकाबाहेर सोडलं.

अपिलासाठी मी कलबुर्गीची एक वकीलबाई गाठली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "येळवसला दुपारी गावात कोण असतं?"

"कुणी न्हाई. कुत्रीसुद्धा शेतात असत्यात."

"मग तो शेजारी गावात काय करत होता?"

मी तिथल्या तिथे हात जोडले. एवढी साधी गोष्ट! आम्ही सगळे आपापल्या कोपीचं सांगत बसलो होतो आणि गाव रिकामं असतं हे बोलायचंच राहून गेलं. आम्हाला वाटलं, जगाला हे ठाऊकच असणार.

तेव्हा मी काशिनाथला जेलात भेटायला गेलो. जाळीपलीकडून त्याने आधी विचारलं, "अप्पा, अवंदा भज्जी कुणाची भारी झालती?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं तसा म्हणाला, "रडायलास कामून? मी हाय की अजून. मला टांगल्यावर तुमी खरं सांगितलं असतं तर मला ऐकू आलं असतं व्हय?"

अपील कितीतरी वर्षं रखडलं; शेवटी हायकोर्टाने आमच्या साक्षी घ्यायच्या ठरवल्या. दोन जीप भरून आम्ही कलबुर्गीला गेलो. वरातच ती. गंगूअक्काला समोरच्या वकिलांनी दरडावून विचारलं, "इतक्या वर्षांपूर्वी तुमच्या शेतात कोण जेवलं, हे तुम्हाला कसं आठवतं?"

गंगूअक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, ह्यो मुडदा तांब्यावर तांबे आंबिल पेला आणि वर म्हणला, जरा आंबट हाय. बाईमाणूस असलं इसरतंय का?"

कोर्ट हसलं. आरोपी तर सगळ्यात मोठ्याने हसला आणि ओरडला, "अक्का, आंबटच होती!"

सुटला. निकालात लिहिलं होतं, महत्त्वाचा जबाब कोर्टापासून लपवला गेला. एवढंच. कोणी लपवला, त्याचं काय करायचं, यावर एक ओळ नाही. म्हातारीला कोणी मारलं, तेही आजपर्यंत कळलं नाही. गुन्हेगार सापडला असं ठरल्यावर शोधतंय कोण?

चहाच्या टपरीवर कधी खुनाच्या बातम्या लागल्या की पोरं तावातावाने म्हणायची, "असल्यास्नी फाशीच द्याय पायजे!" काशिनाथ बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "द्या की. फकस्त त्यो त्या दिवशी कुठं जेवलता तेवढं आदी इचारा." आणि पोरांकडे वळून, "बघा हो, काशिनाथ च्या प्यायलाय!"

मला बाकावर बसवणाऱ्या त्या सरकारी वकिलांच्या बंगल्यावर मी एकदा गेलो. ते आता निवृत्त आहेत, सत्कार होतात. म्हणाले, "मी फक्त केस मांडली. निकाल कोर्टाचा." म्हणजे खडे मिसळलेली तूर घालायची आणि दोष काटेवाल्याला द्यायचा. मी आवाज चढवला, त्यांनी फाटक लावून घेतलं.

काशिनाथ गेल्या हिवाळ्यात गेला. येळवस नेहमीसारखी बांधाबांधाने साजरी करून आला, आणि थोड्याच दिवसांनी स्वतःच्या बाजेवर, बायकोच्या हातची खीर खाऊन, झोपेत गेला. अंगणात माणूस मावेना. गंगूअक्का त्याच्या उशाशी बसून मोठ्याने म्हणाली, "बघितलं रे काशिनाथ. समद्यांनी बघितलं." रडता रडता सगळे हसले.

वकीलसाहेब, आता तुमच्याशी. तुम्ही मला बाकावर बसवलंत, मी बसलो. माझं नाव तुम्ही पुकारलं नाहीत. मी तुमचं पुकारतो आहे. येत्या येळवसला माझ्या शेतात या. वाटेने येणाऱ्याला आम्ही उपाशी पाठवत नाही, तुम्हालाही पोटभर वाढीन. गंगूअक्का असेल, सगळा गाव असेल. पण पहिला घास उचलायच्या आधी या सगळ्यांसमोर सांगा: माझा जबाब तुम्ही का लपवलात?