आईनं मारलेली गाठ

माझा धाकटा भाऊ इतका उंच होता की घरात सगळे त्याला उंटच म्हणायचे. विमानदलात जाण्याआधी तो बुटांच्या दुकानात कामाला होता. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी गुडघे दुमडून बसायचा आणि प्रत्येक बाईला तिचा पाय एक नंबर लहानच सांगायचा. बाई खूश, मालक खूश. दुसऱ्या दिवशी बूट चावले म्हणून तीच बाई भांडायला आली की उंट मागच्या खोलीत गडप. असला हा प्राणी बॉम्बफेकी विमानाचा पायलट झाला, तेव्हा नळदुरुस्ती करणारे आमचे वडील म्हणाले, "याला सायकल धड चालवता येत नाही. शत्रूचं काही खरं नाही, आणि आपलंही!"

पण त्याला ते जमलं. बावीस वर्षांचं पोर, आणि सात जणांच्या विमानाचा कॅप्टन. सुट्टीवर आला की आम्हाला हसवून हसवून बेजार करायचा, लढाईचं मात्र चकार शब्दानं बोलायचा नाही. एकदाच, भांडी पुसता पुसता म्हणाला, "ताई, वरून नुसता अंधार दिसतो. पण खाली घरं असतातच ना गं." मी त्याच्या हातात पुढचं ताट दिलं.

तेव्हा आई पॅराशूटच्या कारखान्यात शिवायला जायची. मीही तिथेच, घड्या घालायच्या टेबलावर. आईनं जन्मभर गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवलेले. कारखान्याचा नियम असा, की मध्येच दोरा तुटला तर अख्खी शिवण उसवायची आणि पहिल्यापासून घालायची. घरी कोण असं करतं? घरी गाठ मारायची आणि पुढे जायचं. एका दुपारी आईचा दोरा तुटला आणि तिच्या हातानं सवयीनं गाठ मारली. तिच्या लक्षात येईपर्यंत ते पॅराशूट तपासणीतून पुढे गेलंसुद्धा होतं. घरी येऊन तिनं मला सांगितलं. मी म्हटलं, "उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तपासणाऱ्यांना डोळे आहेत."

पुढच्याच महिन्यात तार आली. उंटाचं विमान पडलं होतं. सहा जण उड्या मारून वाचले होते, शत्रूच्या कैदेत होते. उंट गेला होता.

आईनं कारखाना सोडला, घरातल्या मशीनलाही हात लावेना. तिचं एकच पालुपद, "माझ्या गाठीनं माझं पोर खाल्लं." मी सांगून थकले, की हजारांतलं ते एक पॅराशूट नेमकं त्याच्याच वाट्याला कसं येईल? वडील आधी रागावले, मग तिच्यासमोर रडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. खरं सांगते, मला तिचा संताप यायचा. भाऊ माझाही गेला होता, पण तिची समजूत घालण्यात रडायची माझी पाळीच येईना.

लढाई संपली आणि त्याच्या विमानातला एक तोफची कैदेतून सुटून आमच्याकडे आला. कुबडी भिंतीला लावून खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. आईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "त्याचं पॅराशूट उघडलं नाही ना?"

तो गोंधळला. "काकू, त्यानं उडी मारलीच नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. एका बाजूची इंजिनं पेटली होती, विमान कलंडत होतं. कुणीतरी ते सरळ धरून ठेवल्याशिवाय बाकीच्यांना दारापर्यंत पोचता येत नव्हतं. उंटानं ते धरलं. शेवटी दाराशी हा तोफची एकटा उरला. "मी ओरडलो, सोड आता, चल! तर म्हणाला, तू हो पुढे, मी आलोच." तोफची खाली मान घालून बसला. "मी उडी मारली आणि वर विमान फुटलं."

आई हळूच म्हणाली, "म्हणजे ते उघडायची वेळच आली नाही."

"नाही, काकू."

तिचे खांदे सैल पडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं पोटभर श्वास घेतलेला मी पाहिला. आणि दुसऱ्याच क्षणी तिनं माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा मला बघवेना.

"मला बरं वाटलं गं," ती म्हणाली. "माझं पोर त्या आगीत बसून राहिलं, आणि मला बरं वाटलं."