मामांनी उघडायला लावलेली फाइल

वाइंडिंगवाले मामा कधी बसलेले मला आठवत नाहीत. मुरुम गावात आमच्या शेजारीच त्यांचं विहिरीच्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, हे काम सगळे बसून करतात. मामा उभ्याने करत. चहा अर्धा पिऊन कप कुठेतरी ठेवत आणि मग गल्लीभर शोधत फिरत. त्यांच्याजवळ पाच मिनिटं थांबलं तरी आपलाच जीव वरखाली व्हायचा.

दुसरे मेकॅनिक कुठल्या मोटारीत किती वेढे घातले ते स्वतःच्या वहीत लपवून ठेवत, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याकडेच येई. मामा मोटारीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून टाकत: वेढे इतके, तार अमुक गेजची. कुणी हसलं की म्हणत, "म्या गावात न्हाय म्हनून त्याचं पीक वाळावं व्हय?"

मी घरून नोकरी करायला मुरुमला परतले तेव्हा माझ्या मागे लागून त्यांनी एक वेबसाइट करून घेतली. कुठल्या फीडरवर, म्हणजे विजेच्या कुठल्या लाइनवर, मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट किती वाजता येणार, एवढंच तिच्यावर असे. मामा फोन करकरून वेळा गोळा करत, मी भरत असे. पार नळदुर्ग, अणदूरची माणसं मोटार चालू करायला निघण्याआधी ती बघू लागली.

मग मी तापाने आडवी झाले आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बंद पडला. पाचव्या दिवशी मामा दारात.

"पोरी, बरं वाटतंय का?" उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाले, "सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यात हाय. ते भाईर काढून ठिव. कुनालाबी दिसंल आसं."

सर्व्हरची सगळी मांडणी, कुठला प्रोग्रॅम कधी चालतो, काय कशाला जोडलंय, ती फाइल इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करायची होती. पासवर्ड बाजूला काढले की धोका नव्हता. माझी अडचण वेगळीच होती. सर्व्हर मधूनमधून का अडकतो ते मला कधी सापडलं नव्हतं, म्हणून तो दर तासाला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल अशी सोय मी करून ठेवली होती. आपली लाज चारचौघांत कशाला न्यायची? तेवढी ओळ गाळून मी फाइल खुली केली.

महिनाभरात लातूरकडच्या एका शिक्षकांनी त्यावरून आपल्या भागासाठी तशीच साइट उभी केली. ती रोज दुपारी अडकायची. साइटवरच्या नंबरावर त्यांनी मामांना फोन केला. मामा आमच्याकडे आले, या खोलीतून त्या खोलीत दोनदा फिरले आणि माझ्यासमोर थांबले.

"तू वेढे कमी लिवलेस का?"

मी लॅपटॉप उघडून गाळलेली ओळ त्यांना दाखवली.

"तुझं चुकलं आसंल तर चुकलं म्हनून लिव. खोटं लिवलं की दुसऱ्याची मोटार जळती."

इतक्या हळू आवाजात ते पूर्वी कधीच बोलले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी मी ती ओळ घातली आणि वर लिहिलं, 'बिघाड मला सापडलेला नाही, म्हणून हे.' दोन दिवसांत त्या शिक्षकांनी बिघाड शोधून दुरुस्त करून दिला. पुढे तर ते आमच्या वेळाही भरू लागले. वेळा कळवणारी माणसं त्यांनाही थेट फोन करू लागली.

यंदाच्या उन्हाळ्यात मामा गेले. दुकानातच, काम करता करता. तीन दिवस मी मामींजवळ होते, साइट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. चौथ्या दिवशी धसकून उघडली, तर सगळ्या फीडरच्या वेळा भरलेल्या. एकही चुकलेली नव्हती. मामांना अगदी हेच हवं होतं, हे मला कळत होतं. तरी इतका राग आला की मी लॅपटॉप मिटून टाकला. मामा गेले त्या दिवशी, निदान तो एक दिवस तरी, साइट बंद पडायला हवी होती.